घर एकाचे, बिऱ्हाड दुसऱ्याचे

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा लोहमार्ग सौसर मागे टाकून सातपुड्याच्या चढणीकडे निघतो, त्या वाटेवर रामाकोना हे स्थानक लागते. गाव मध्य प्रदेशात आहे. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्याचे विभाजन होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, त्यात सौसर तालुक्याबरोबर तेही गेले. सरकारी व्यवहार हिंदीत, घरातले व बाजारातले बोलणे मराठीत, शिवारात कापूस आणि संत्री, आणि मोठा दवाखाना, महाविद्यालय, नोकरी यांसाठी ओढा मात्र नागपूरकडे, असा हा मुलूख आहे. समुद्रकाठच्या आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी या गावाचे नाव ऐकले असेल. तरीही भाड्याच्या घरांच्या कायद्याविषयी लिहिताना आम्ही आरंभ तेथून करीत आहोत, कारण हा प्रश्न जितका सीमेवरच्या अशा गावात उघडा दिसतो तितका तो अन्यत्र क्वचितच दिसतो.

त्या भागातले एखादे बेताच्या स्थितीतले कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. वडिलांनी आयुष्याच्या मिळकतीतून रस्त्याकाठी चार खोल्यांचे घर बांधले आणि पुढच्या दोन खोल्या एका दुकानदाराला दिल्या. मुलगा शिकायला नागपूरला गेला, तेथेच नोकरीला लागला आणि परक्याच्या घरात बिऱ्हाड करून राहिला. महिन्याच्या आरंभी वडील भाडे घेतात आणि मुलगा भाडे देतो. कायदा भाडेकरूचे फार लाड करतो, असे वडिलांना वाटते. कायदा मालकाच्या बाजूचा आहे, असे मुलाला वाटते. दोघेही आपापल्या अनुभवापुरते खरेच बोलत असतात. कोकणी माणसाला तर हे चित्र मुळीच अपरिचित नाही. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीची भाडेपावती जिवापाड जपणारा चाकरमानी गणपतीला गावी उतरला, की तोच कौलारू घराचा मालक असतो. मालक आणि भाडेकरू या दोन वेगळ्या जाती नव्हेत. पुष्कळदा ती एकाच माणसाची दोन गावांतली दोन रूपे असतात. भाड्याच्या कायद्याची चर्चा करताना ही गोष्ट सतत विसरली जाते, आणि मग चर्चेचे रूपांतर कज्जात होते.

आमच्या भाषेने या कज्जातले दोन्ही वकील पूर्वीपासून नेमून ठेवले आहेत. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही मालकाची फिर्याद. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही भाडेकरूची कैफियत. निवाडा देणारी म्हण मात्र भाषेत नाही. ते काम कायद्याचे होते, आणि कायद्याने ते कसे केले याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी नागपूर, वऱ्हाड आणि छिंदवाडा हे सारे मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. घरांची टंचाई निवारण्यासाठी त्या प्रांताने १९४९ साली घरे भाड्याने देण्यासंबंधीचा व भाडेनियंत्रणाचा आदेश काढला. त्या आदेशानुसार मालकाला भाडेकरूवर घर सोडण्याची नोटीस बजावण्यापूर्वी भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. परवानगी मिळाली तरी घर मिळत नसे. त्यानंतर दिवाणी न्यायालयाची पायरी वेगळी चढावी लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि सौसर-पांढुर्ण्याची मराठी वस्ती सीमेपलीकडे गेली. पुढे मध्य प्रदेशाने १९६१ साली आपला स्वतंत्र जागा नियंत्रण कायदा केला. नागपुरात मात्र तो १९४९ चा आदेशच चालू राहिला. ज्या प्रांताने तो काढला तो नकाशावरून पुसला गेला, त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ नागपूरचे घरमालक आणि भाडेकरू त्याच आदेशाखाली भांडत होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० रोजी अमलात आला तेव्हा कोठे मुंबईचा १९४७ चा कायदा, विदर्भाचा १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यातला १९५४ चा हैदराबादी कायदा या तिघांच्या जागी एक कायदा आला.

म्हणजे एकाच भाषेच्या, एकाच बाजारपेठेच्या माणसांना आज दोन राज्यांचे दोन न्याय लागू आहेत. ते पडताळून पाहिले तर दोहोंतही घेण्यासारखे काही सापडते. मालकाला स्वतःसाठी घर हवे असेल तर मध्य प्रदेशाचा कायदा विचारतो, की त्याच शहरात मालकाजवळ दुसरी योग्य जागा आहे काय. महाराष्ट्राचा कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो. घर रिकामे करून दिल्याने भाडेकरूची होणारी अडचण मोठी, की न दिल्याने मालकाची होणारी अडचण मोठी, हे न्यायालयाने तोलून पाहावे, असे तो सांगतो. येथे महाराष्ट्राचा विचार अधिक समतोल आहे. उलट मध्य प्रदेशाच्या कायद्यात दावा चालू असेपर्यंत भाडेकरूने दरमहा भाडे न्यायालयात भरावे आणि न भरल्यास त्याचा बचाव काढून टाकता यावा, अशी तरतूद आहे. भांडायचे तर भांडा, पण भाडे भरून भांडा, हा त्यातला व्यवहारी शहाणपणा आहे. १९८३ साली त्या राज्याने आणखी एक दुरुस्ती केली. विधवा, घटस्फोटित स्त्री, अपंग, निवृत्त सरकारी नोकर आणि सैन्यातला माणूस असा मालक असेल, तर स्वतःच्या गरजेसाठी त्याने नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी भाडेनियंत्रण अधिकाऱ्याकडे जावे व तेथे लवकर निकाल मिळवावा, अशी वाट तिने मोकळी केली. सगळे मालक धनको नसतात आणि काही मालक आपल्या भाडेकरूहूनही दुबळे असतात, हे सत्य कायद्याच्या पुस्तकात इतक्या स्पष्टपणे लिहिले गेले, याचे आम्हांला मोल वाटते.

ते सत्य ज्या कायद्याला दिसले नाही, त्याची कथा आमच्या किनाऱ्यावर घडली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात भाडेवाढीविरुद्ध कामगार कुटुंबांतील स्त्रिया उभ्या राहिल्या. पुरुष रणांगणावर आणि घरी भाडेवाढीची नोटीस, हे त्यांना सहन झाले नाही. मेरी बार्बर या त्यांच्या नेत्या होत्या. त्या लढ्यामुळे ब्रिटिश पार्लमेंटला त्याच वर्षी लहान घरांची भाडी युद्धपूर्व पातळीवर गोठवावी लागली. तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा मुंबईत आला. दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा तीच निकड आणली आणि १९४७ च्या कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. त्या घडीला ते योग्यच होते. फाळणीने निर्वासित येत होते, गिरण्यांना माणसे हवी होती, नवी घरे बांधायला सिमेंट मिळत नव्हते. कायदा नसता तर गिरणगावातली हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. ज्या कोकणी माणसाच्या घामावर मुंबई उभी राहिली, त्याला मुंबईत पाय टेकायला जागा या कायद्याने दिली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.

पण आपत्काळासाठी घातलेला बांध आपत्काळ संपल्यावरही तसाच ठेवला गेला. धान्य, कापड, मजुरी, कर, सारे वाढत गेले. भाडे मात्र १९४० साली थांबले ते थांबलेच. परिणाम कोणालाही भाकीत करता येण्याजोगे होते. ज्या इमारतीच्या भाड्यातून वर्षाकाठी एक जिना दुरुस्त होत नाही, तिची दुरुस्ती मालक करीत नाही. गळके छत भाडेकरूच्या माथी आणि पडकी भिंत सर्वांच्याच माथी, अशी स्थिती झाली. १९६९ साली सरकारला जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ स्थापन करावे लागले. अशा इमारती तेव्हा सुमारे १९ हजारांवर होत्या. दर पावसाळ्यात एखादी इमारत कोसळल्याची बातमी छापताना आमच्या मनात येते, की त्या ढिगाऱ्याखाली भाडेपावतीही असते आणि मालकीहक्काचा उताराही असतो. कायद्याने भाडे दडपले तसे ते पागडीच्या रूपाने मागल्या दाराने आले. १९४७ च्या कायद्याने गुन्हा ठरवलेली पागडी शहरभर राजरोस चालली आणि अखेर १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता द्यावी लागली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात या साऱ्यावर बोट ठेवले. एके काळी वाजवी असलेला कायदा काळाच्या ओघात अवाजवी होऊ शकतो, आणि प्रमाण भाड्याच्या तरतुदींचे तसेच झाले आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

मालकांनी यातून वेगळाच धडा घेतला. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे परवानाधारक म्हणून जागेत राहत होते ते संरक्षित भाडेकरू ठरले. हेतू चांगला होता, कारण परवान्याच्या नावाखाली मालक कायदा चुकवीत होते. पण त्यानंतर पुष्कळांनी ठरवले, की घरात माणूस ठेवण्यापेक्षा कुलूप ठेवलेले बरे. ही भीती आता एकट्या मुंबईची राहिलेली नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. त्या सर्वांना भाडेकायदाच कारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण एकीकडे झोपडपट्ट्या वाढत असताना दुसरीकडे कुलपे वाढावीत, यात कायद्याचा काहीच वाटा नाही असेही कोणी म्हणू नये.

आता थोडे बाहेर पाहू. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरांत राहतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तेथे भाडेकरार बहुधा बेमुदत असतो. स्वतःला किंवा जवळच्या कुटुंबीयांना राहायला घर हवे, यासारखे सबळ कारण दाखविल्याशिवाय मालकाला करार मोडता येत नाही. पण भाडे गोठलेले नसते. त्या भागातील तशाच घरांचे भाडे किती आहे याचे कोष्टक नगरपालिका प्रसिद्ध करतात, त्याच्या आधारे भाडे वाढते, आणि तीन वर्षांत ते २० टक्क्यांहून, टंचाईच्या शहरांत १५ टक्क्यांहून, अधिक वाढविता येत नाही. बर्लिनने २०२० मध्ये भाडी सरसकट गोठविण्याचा प्रयत्न केला, पण राज्याला तो अधिकार नाही असे सांगून तेथील घटना न्यायालयाने २०२१ मध्ये तो कायदा रद्द केला. स्वीडनमध्ये भाडेकरूंची संघटना आणि मालक वाटाघाटीने भाडे ठरवितात. राहणाऱ्याला तेथे स्वास्थ्य आहे. पण स्टॉकहोममध्ये नव्याने येणाऱ्याला घरासाठी वर्षानुवर्षे रांगेत नाव ठेवावे लागते. आत असलेल्याला दिलेले संरक्षण बाहेर उभ्या असलेल्याच्या खर्चाने दिले जाते, ही गोष्ट तेथेही सुटलेली नाही.

इंग्लंडने दोन्ही टोके पाहिली. १९१५ पासून भाडेनियंत्रण चालविल्यानंतर १९८८ च्या कायद्याने तो देश दुसऱ्या टोकाला गेला. कारण न सांगता, दोन महिन्यांची नोटीस देऊन मालकाने घर रिकामे करून घ्यावे, अशी सोय तेथे झाली. घरे भाड्याने मिळू लागली खरी. पण मुलांच्या शाळेचे वर्ष संपण्याआधी बिऱ्हाड हलवावे लागणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न इतका तीव्र झाला, की २०२५ साली पार्लमेंटने नवा कायदा करून ही विनाकारण निष्कासनाची तरतूदच मोडीत काढली. जपानने १९४१ साली, युद्धाच्या दिवसांत, योग्य कारणाशिवाय भाडेकरूला काढता येणार नाही असा नियम केला. तो नियम त्यांनी आजतागायत सोडलेला नाही. फक्त २००० पासून त्याच्या शेजारी ठराविक मुदतीच्या कराराची वेगळी वाट काढून दिली.

या साऱ्या देशांचा अनुभव एकत्र ठेवला तर आम्हांला एक गोष्ट स्पष्ट दिसते. भाडेकायद्यात दोन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात. भाडेकरूला किती काळ राहू द्यावे हा एक प्रश्न. त्याने किती भाडे द्यावे हा दुसरा. पहिल्या प्रश्नात भाडेकरूला स्थैर्य हवे, कारण घराबरोबर त्याची नोकरी, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचा वैद्य आणि उधारीचा वाणीही बदलत असतो. दुसऱ्या प्रश्नात मालकाला न्याय हवा, कारण त्याचे घर काळाबरोबर जुने होते. मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने स्थैर्य द्यायचे म्हणून भाडेही गोठवले. इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्याने भाडे मोकळे करायचे म्हणून स्थैर्यही काढून घेतले. दोन्ही चुकले. १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने दरसाल चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली, हे योग्य दिशेचे पाऊल होते; पण ज्या मूळ भाड्यावर हे चार टक्के मोजायचे तेच जुन्या घरांत इतके अल्प होते, की वाढीचा आकडा कागदावरच राहिला.

काही वाचक विचारतील, की कुळकायद्याने कसेल त्याची जमीन केली, मग राहील त्याचे घर का करू नये? हा प्रश्न आमच्या किनाऱ्यावर साहजिक आहे. खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनाने कूळ जमिनीचा मालक होण्याचा मार्ग मोकळा झाला, हे कोकणाने पाहिले आहे. शेजारच्या गोव्यात १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला त्याचे राहते घर विकत घेण्याचा हक्क दिला, आणि ते न्याय्यच झाले. परंतु खोत किंवा भाटकार आणि मुलाच्या शिक्षणासाठी दोन खोल्या भाड्याने देणारी विधवा, यांना एका मापाने मोजता येत नाही. जमीनदाराची सत्ता मोडणे हे सुधारणेचे काम होते. लहान माणसाची बचत बुडविणे ही सुधारणा नव्हे.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठविला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये, करार लेखी असावा, तंटे दिवाणी न्यायालयाऐवजी खास भाडे न्यायालयात चालावेत, आणि मुदत संपूनही न निघणाऱ्याने पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे द्यावे, असे त्यात आहे. यातील अनामतीची मर्यादा आणि स्वतंत्र न्यायालय यांचे आम्ही स्वागत करतो. पण भाडे किती असावे आणि करार संपल्यावर तो पुढे चालावा की नाही, हे दोन्ही प्रश्न मसुद्याने उभयतांच्या संमतीवर सोडले आहेत. घरांची टंचाई असलेल्या गावात संमती म्हणजे बहुधा मालकाची अट आणि भाडेकरूची सही. अकरा महिन्यांच्या कराराची आपल्याकडची रूढी पाहा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांचा कागद करण्याची युक्ती निघाली. महाराष्ट्रात आता प्रत्येक करार नोंदविणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकावर आहे. तरीही अकरा महिने काही हटले नाहीत. अकरा महिन्यांच्या पायावर कोणते कुटुंब संसार उभा करील?

शिवाय हे सारे कायदे मुख्यतः शहरांसाठी आहेत. मध्य प्रदेशाचा १९६१ चा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा, दोन्ही कायदे परिशिष्टांत नमूद केलेल्या किंवा अधिसूचनेने जोडलेल्या क्षेत्रांना लागू होतात. जेथे ते पोचत नाहीत, तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, आणि महिनेवारी भाडेकरूला त्याचे संरक्षण पंधरा दिवसांच्या नोटिशीपुरते. सातपुड्याच्या पायथ्याचे खेडे असो की खाडीकाठची वाडी, रस्ता रुंद झाला, महाविद्यालय निघाले, कारखाना आला, की तेथे भाडेकरू येतो. कायदा मात्र नगरपालिकेच्या वेशीवर थांबतो. भाडे रोख, पावती नाही, करार तोंडी. मालक वारला तर वारसांना काही सांगता येत नाही आणि भाडेकरू वारला तर त्याच्या बायकोला काही दाखविता येत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. नियमाने भाडे देणाऱ्याला कायद्यात लिहिलेल्या कारणाशिवाय काढता येऊ नये. भाडे दरसाल महागाईच्या मानाने वाढावे आणि जुनी गोठलेली भाडी काही वर्षांत टप्प्याटप्प्याने वाजवी पातळीला यावीत. ज्या गरीब भाडेकरूला ते झेपणार नाही त्याचा भार समाजाने, म्हणजे सरकारने उचलावा, एकट्या घरमालकावर लादू नये. दुर्बळ मालकासाठी मध्य प्रदेशाने काढलेली जलद वाट महाराष्ट्राने घ्यावी आणि उभयतांची अडचण तोलण्याची महाराष्ट्राची रीत मध्य प्रदेशाने घ्यावी. आणि लेखी करार व पावती ही खेड्यातल्या एका खोलीलाही सक्तीची व्हावी, ग्रामपंचायतीत अल्प शुल्कात तिची नोंद व्हावी.

यांपैकी एकही गोष्ट अशक्य कोटीतली नाही. १९५६ साली एक रेषा ओढली गेली आणि एका आदेशाखाली राहणारी माणसे दोन कायद्यांखाली गेली. म्हणजे हे कायदे विधिलिखित नव्हेत, माणसांनी केलेले आहेत आणि माणसांना ते सुधारता येतात. विधानसभेत या विषयावर भाषण करणाऱ्याने मालक संघ किंवा भाडेकरू संघ यांची निवेदने अवश्य वाचावीत. पण मत देण्यापूर्वी त्या एका घराकडे पाहावे, जेथे महिन्याच्या आरंभी वडील भाडे घेतात आणि मुलगा भाडे देतो. जो कायदा त्या दोघांनाही एकाच ताटावर बसून न्याय्य वाटेल, तोच खरा समतोल कायदा. 'घर पाहावे बांधून' असे म्हणणाऱ्या पूर्वजांना घर बांधण्याचे कष्ट ठाऊक होते. दुसऱ्याच्या घरात राहून पाहण्याचे कष्ट आपल्या पिढीला ठाऊक झाले आहेत. दोन्ही कष्टांची जाण ठेवणारा कायदा करणे हे आता आपले काम आहे.